आमची वाटचाल : आधी गळा, मग गज

कोथरूडच्या दोन खोल्यांत व्हायोलिनचा वर्ग सुरू केला, तेव्हा नव्या मुलाला खाली बसवायचं की उभं करायचं यावरच आम्हा नवराबायकोचं एकमत होईना. मी हिंदुस्थानी पद्धतीनं शिकलो, मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवून. बायको गोव्यातल्या सासष्टीची. चर्चच्या शाळेत मेस्तांसमोर, म्हणजे तिथल्या संगीतशिक्षकांसमोर उभी राहून, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचत शिकली. माझा सा कुठेही बसतो, तिचा 'दो', म्हणजे पाश्चात्त्यांचा सा, जागचा हलत नाही.

तोडगा आमच्या शिकण्यातच होता. मेस्तांनी तिला कितीतरी दिवस वाद्याला हात लावू दिला नव्हता, नुसतं सोल्फेज, म्हणजे दो-रे-मीची सरगम, म्हणून घेतलं. माझ्या गुरुजींकडेही जे गाता येत नाही ते वाजवायचं नाही, असा नियम होता. गजाननबुवा जोशी मोठे गवई आणि मोठे व्हायोलिनवादकही होते. दामोदर केशव दातारांचं व्हायोलिन ऐकताना तर कुणी गातंय असंच वाटतं. म्हणून आम्ही ठरवलं की बसणं, उभं राहणं ज्याचं त्यानं निवडावं, पण पहिले सहा आठवडे दोघांकडेही गळा.

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर गेला. अनेक शिक्षक पट्टीवर रंगीत चिकटपट्ट्या लावतात, आम्हीही लावायचो. मुलं पट्टी बघून बोट ठेवायची आणि कान बंद करून बसायची. आता आम्ही मोकळ्या तारेची मदत घेतो. ए तारेवर तिसऱ्या बोटानं डी वाजवला आणि तो नेमका लागला, तर शेजारची डी तार गज न लावताही झंकारते. बोट चुकलं की ती गप्प. सात वर्षांच्या मुलाला हे एकदा ऐकू आलं की तो स्वतःच बोट सरकवत तो झंकार शोधत बसतो. त्या वेळी आम्ही मध्ये बोलत नाही.

चुका आमच्याही झाल्या. 'वाढत्या अंगाचं घेऊ' म्हणणाऱ्या पालकांना आम्ही सुरुवातीला ठाम नकार दिला नाही. हात पोचत नसताना मोठं व्हायोलिन धरून एका मुलीचा खांदा दुखायला लागला आणि तिनं वर्गच सोडला. त्याची बोच अजून आहे. त्यानंतर पाव, अर्धा आणि पाऊण मापाची वाद्यं आम्ही विकत घेऊन भाड्यानं द्यायला लागलो. त्यात कमाई फारशी नाही. पावसाळ्यात दमटपणानं सरसाचे सांधे सुटतात, दुरुस्तीत पैसे जातात. पण मुलाच्या हातात त्याच्या मापाचं वाद्य असतं.

व्हायोला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा आणि खालच्या सुरांचा त्याचा भाऊ, आमच्याकडे उशिरा आला. रविवारी सगळी मुलं एकत्र वाजवायची तेव्हा आवाज नुसता वरचा, पोकळ वाटायचा. मधला भरणा हवा म्हणून १५ इंची जुना व्हायोला आणला. दोन शेजारच्या तारांतलं षड्ज-पंचमाचं नातं त्यातही तेच, फक्त वरची ई तार गेली आणि खाली सी आली. आम्हाला वाटलं, व्हायोलिन येतं त्याला हेही येईल. एका नववीतल्या मुलीला तो दिला. तिचा गळा मुळात खर्जाचा होता. वर्षभर तिच्या व्हायोलाचा आवाज घुसमटलेला यायचा आणि आम्ही तिला 'जोर लाव' सांगत राहिलो.

शेवटी मुंबईला जाऊन एका व्हायोलावादकाकडे आम्ही दोघं विद्यार्थी म्हणून बसलो, तेव्हा कळलं. सी तार जाड, बोलायला वेळ घेते. गज सावकाश ओढायचा आणि दाबायच्या ऐवजी हाताचं वजन त्यावर सोडायचं. गजही व्हायोलिनच्या गजापेक्षा जरा जड. बोटांमधलं अंतर मोठं, वाचायची लिपीही वेगळी, आल्टो क्लेफ, म्हणजे त्याच पाच रेघांवर सुरांच्या जागा बदलणारी खूण. व्हायोला शिकवायचा तर तो व्हायोला म्हणूनच शिकवावा लागतो. परत आल्यावर त्या मुलीची माफी मागितली आणि पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात केली.

२०२० मध्ये वर्ग ऑनलाइन न्यावा लागला. व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर लांब ओढलेल्या सुराला गोंगाट समजून दाबून टाकायचं. ती सोय बंद करायला प्रत्येक घरी फोनवरून शिकवलं. आवाज उशिरा पोचत असल्यानं एकत्र वाजवणं अशक्यच होतं. मग काय, गाणं! मुलं गाऊन दाखवायची, नंतर एकेकटी वाजवून पाठवायची. गळ्यावर घेतलेली मेहनत त्या दिवसांत कामी आली.

पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षेची घाई असलेले पालक आजही येतात. परीक्षेसाठी वर्षभर तीनच रचना घोटून घेणं आम्हाला जमत नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगतो. काही जण निघून जातात.

ती व्हायोलावाली मुलगी आता कॉलेजात आहे. शनिवारी सकाळी लहानांचा वर्ग तीच घेते. परवा आत चहा करताना बाहेरून तिचा आवाज आला, "वाद्य खाली ठेव. आधी म्हणून दाखव बघू."