चिकमगळूर ते मंगळूर: हिरव्या कॉफीच्या पोत्यामागोमाग

कॉफीचे हिरवे, म्हणजे न भाजलेले, दाणे भाजणाऱ्याच्या हाती पडण्यापूर्वी कोणाकोणाच्या हातांतून जातात हे पाहायचे असेल, तर चिकमगळूरला जानेवारीच्या मध्यास जावे. त्या सुमारास उंचावरील बागांतील अरेबिका जातीच्या कॉफीची तोडणी संपत आलेली असते, सखल भागात रोबस्टा जातीची सुरू झालेली असते आणि खळ्यापासून क्युअरिंग वर्क्सपर्यंतचे, म्हणजे दाणे सोलून प्रतवारी करणाऱ्या कारखान्यापर्यंतचे, सारे टप्पे एकाच वेळी पाहता येतात. मिरज-हुबळी मार्गाने बेंगळुरूकडे जाणाऱ्या काही गाड्या कडूरला थांबतात. तेथून चिकमगळूर रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर आहे. बागेतच मुक्काम करावा, मात्र तोडणी आणि पल्पिंग (यंत्राने फळाची साल काढणे) पाहायचे आहे हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर केवळ मिरीचे वेल आणि सिल्व्हर ओकची झाडे दाखवून बोळवण होते.

पिकलेली लाल फळे दुपारपर्यंत तोडून त्याच दिवशी पल्परमधून काढतात, गर आंबवून धुतात आणि टरफलासकट दाणे खळ्यावर वाळवतात. हे झाले पार्चमेंट. ज्याच्याकडे पल्पर किंवा पुरेसे पाणी नाही तो अख्खे फळच वाळवतो, आणि बाजारात त्या मालाला चेरी म्हणतात. दोन्हींत ओलावा दहा-अकरा टक्क्यांवर आणणे हे खरे कसब, कारण घाईने पोती भरली तर बुरशीचा वास लागतो आणि तो पुढे कोणत्याही यंत्राने निघत नाही. आमच्या यजमानांनी वाळलेला माल खत आणि मिरी यांपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवला होता, कारण कॉफी आजूबाजूचे वास चटकन शोषून घेते.

खरा व्यवहार गावातल्या व्यापाऱ्याच्या गोदामात कळतो. भाव ५० किलोच्या पोत्यावर बोलला जातो. पण चेरीच्या बाबतीत व्यापारी आधी मूठभर नमुना सोलून, त्यातून स्वच्छ दाणा किती निघतो, म्हणजे आउटटर्न किती पडतो, हे पाहतो आणि त्यावरच शेतकऱ्याच्या पदरात पडणारी रक्कम ठरते. व्यापाऱ्याच्या मोबाइलवर न्यूयॉर्कचा अरेबिकाचा आणि लंडनचा रोबस्टाचा भाव सतत फिरत असतो. १९९० च्या दशकापर्यंत ही गरज नव्हती, कारण बागायतदाराला आपला माल सरकारी कॉफी बोर्डाच्या पूलमध्येच, म्हणजे सामायिक साठ्यातच, द्यावा लागे आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. ती सक्ती टप्प्याटप्प्याने सैल होत १९९६ मध्ये पूर्ण उठली. आता पैसे लवकर मिळतात; कधी विकायचे याची चिंताही मात्र शेतकऱ्याच्याच माथी आली. जुन्या पद्धतीबद्दल हळहळणारे बागायतदार आजही भेटतात, पण २०२४-२५ मधील तेजीनंतर त्यांचा आवाज बराच मऊ झालेला दिसला.

क्युअरिंग वर्क्ससाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा. परवानगी आधी घ्यावी, पायांत बंद बूट घालावेत आणि नाकातोंडाला रुमाल बांधावा, कारण टरफलाची धूळ भयंकर असते. येथे खडे काढून दाणा सोलतात, चाळण्यांवर आकारानुसार प्रतवारी करतात, हलका दाणा वजनावर वेगळा काढतात, रंग ओळखणाऱ्या यंत्रातून माल फिरवतात, आणि तरीही शेवटची निवड अनेक ठिकाणी बायका हातानेच करतात. प्लँटेशन ए, बी, सी आणि गोल दाण्यांची पीबी (पीबेरी) ही प्रतींची नावे येथेच चिकटतात. बागेचे नाव गळून पडते तेही बहुधा येथेच, किंवा त्याआधी व्यापाऱ्याच्या गोदामात: यंत्रावर एका वेळी बराच माल लागतो, त्यामुळे लहान शेतकऱ्याची चार पोती शेजाऱ्यांच्या मालात मिसळली जातात. भारतातील बहुतांश कॉफीच्या बागा १० हेक्टरांहून लहान असल्यामुळे, पुण्या-मुंबईच्या पाकिटावर एकाच बागेचे नाव दिसले, तर त्यामागे कोणीतरी वेगळे क्युअरिंग करून घेण्याचा खर्च सोसलेला असला पाहिजे. तसे केले होते का, हे विचारण्याचा संकोच करू नये.

निर्यातीचा माल सहसा ६० किलोच्या तागाच्या पोत्यांतून बंदरावर जातो. मंगळूरला आम्ही चारमाडी घाटाने उतरलो. वाट देखणी आहे, पण पावसाळ्यात दरडी कोसळतात. तिथली मॉन्सून्ड मलबार, म्हणजे समुद्रावरच्या दमट वाऱ्यात काही आठवडे उघडी पसरून फुगवलेली, पिवळट पडलेली कॉफी, जानेवारीत तयार होताना दिसणार नाही. ती जून ते सप्टेंबरमध्येच पाहावी, आणि त्यासाठी घाट टाळून रेल्वेने यावे.

स्वतः भाजण्यासाठी हिरवी कॉफी घेणार असाल, तर सौद्याच्या वेळी दाखवलेल्या नमुन्यावर विसंबू नका; क्युअरिंग पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष भरल्या पोत्यांतून काढलेला नमुना पुन्हा मागा, दोन्ही एकाच दिवशी भाजून चाखा आणि ओलावा मोजून घ्या. माल मे अखेरीपूर्वी घरी आणावा. कोकणात किंवा मुंबईत ठेवायचा असेल, तर तागाच्या पोत्याला आतून प्लास्टिकचे अस्तर हवे, आणि पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचावीत.