टिळकवाडी ते शहापूर, मुंबईमार्गे

जुलैमधल्या त्या सकाळी संकेश्वरजवळ महामार्गाच्या खोदकामात आमच्या इंटरनेट कंपनीची फायबर तुटली आणि बेळगावहून मुंबईकडे जाणारा मार्ग बंद पडला. राखीव लाईन कागदावर दुसऱ्या पुरवठादाराची होती, परंतु तीही त्याच चरातून गेलेली निघाली.

फायबर तुटणे मला नवे नव्हते. मला अस्वस्थ केले ते टिळकवाडीतील एका एक्स-रे केंद्राच्या फोनने. तिथल्या डॉक्टरबाईंना एका मुलाच्या मोडलेल्या कोपराच्या प्रतिमा बेळगावातल्याच शहापुरातील अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवायच्या होत्या. "दोन किलोमीटरवर तर आहे की हो त्यांचा दवाखाना!" असे त्या म्हणाल्या. उत्तर मला ठाऊक होते, पण ते सांगताना संकोच वाटला. दवाखान्याला दुसऱ्या कंपनीचे इंटरनेट होते. आमचा ट्रॅफिक, म्हणजे ग्राहकांचा डेटा, मुंबईला जाई, तेथून बेंगळुरूला आणि धारवाडमार्गे पुन्हा बेळगावात येई. एरवी पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) 40 मिलिसेकंदांच्या आसपास असल्यामुळे हा सुमारे 2,000 किलोमीटरचा वळसा कोणाला जाणवत नसे.

त्या कंपनीचा आणि आमचा रॅक (उपकरणांचे कपाट) मात्र एकाच इमारतीत, एका भिंतीआड होता. तिथले अभियंते मूळचे गोकाकचे. त्यांच्या कन्नडमिश्रित मराठीत आमचे बोलणे झाले, दोन्ही मालकांची संमती घेतली आणि दुपारी आम्ही दोन्ही रॅक जोडणारी पॅचकॉर्ड, म्हणजे छोटी केबल, ओढली. त्याला दहा मिनिटे लागली. खरा वेळ गेला तो फिल्टर लिहिण्यात. एकमेकांना केवळ आपापल्या ग्राहकांचे मार्ग जाहीर करायचे होते, कारण चुकून सगळ्या इंटरनेटचे मार्ग सोडले गेले असते, तर एकाचा भार दुसऱ्याच्या लाईनीवर कोसळला असता. बीजीपी सत्र, म्हणजे दोन नेटवर्कनी एकमेकांना मार्ग कळवण्याची जोडणी, जुळले, पिंग एका मिलिसेकंदाच्या आत आला आणि प्रतिमा पोहोचल्या. बाकीचे जग आमच्या ग्राहकांना रात्रीपर्यंत बंदच होते.

देशातला ट्रॅफिक देशातच वळावा म्हणून 2003 मध्ये निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) ही संस्था स्थापन झाली. तोच विचार जिल्ह्यापर्यंत यावा, असे मला त्या दिवसापासून मनापासून वाटते. सीमाभागात तर अधिकच, कारण इथे एक शेजारी मुंबईकडून जोडलेला असतो आणि दुसरा बेंगळुरूकडून. प्रत्येकाने प्रत्येकाकडे केबल ओढायची तर 6 कंपन्यांना 15 जोडण्या लागतील. मधोमध एक सामाईक स्विच ठेवला, तर 6 पुरतात. ती जागा कोणा एका कंपनीच्या ताब्यात नसावी, यावर आम्हा दोघांचे एकमत आहे. तिसरी कंपनी खडेबाजारात आहे, तिच्यापर्यंत फायबर न्यायला खांबांची परवानगी लागेल, आणि तो अर्ज मी लिहायला घेतला आहे.