गेंडी तार्ताकोव्स्कीची शांतता

काल रात्री परत एकदा गेंडी तार्ताकोव्स्कीच्या सामुराय जॅक या कार्टून मालिकेचा तो तीन आंधळ्या तिरंदाजांचा एपिसोड बघितला आणि झोपच उडाली राव. जॅक डोळ्यांवर पट्टी बांधून बर्फात उभा राहतो आणि नुसतं ऐकत राहतो, डायलॉग नाही काही नाही, आणि आपणपण श्वास रोखून ऐकायला लागतो. २००१ मध्ये टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये एवढी शांतता ठेवायची म्हणजे खरंच छाती लागते.

गेंडी मूळचा मॉस्कोचा, १९७० चा जन्म, सात वर्षांचा असताना घरचे अमेरिकेत आले. कॅलआर्ट्स या कॅलिफोर्नियातल्या कला महाविद्यालयात शिकताना केलेल्या छोट्या फिल्ममधूनच पुढे डेक्स्टर्स लॅबोरेटरी ही कार्टून मालिका आली, १९९६ ला. त्यात सगळं जाड काळ्या रेषेत, चौकोनी डेक्स्टर, त्याची काडीसारखी बहीण डीडी. आणि मग जॅकमध्ये या माणसाने ती काळी आउटलाइनच काढून टाकली! नुसते रंगाचे आकार, त्यामुळे जॅक मागच्या रंगवलेल्या चित्रातलाच वाटतो, वरून चिकटवलेला नाही वाटत. फाईट सुरू झाली की स्क्रीनचे उभे आडवे तुकडे, एकात डोळे, एकात तलवारीची मूठ, मला तर हे त्याचं सगळ्यात भारी काम वाटतं.

मधे स्टार वॉर्सवरची क्लोन वॉर्स मालिका, सिनेमे वगैरे झालं. मग २०१९ ला प्रायमल ही मालिका, एक आदिमानव आणि एक डायनासोर, दोघांचीही पिल्लं गेलेली, आणि पहिल्या सीझनमध्ये जवळजवळ संवादच नाहीत. पहिल्याच भागात मी रडलोय.