आमची वाटचाल : अंबडचा गाळा ते शेवटचा नळ

१९९७ साली मी नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. तिथे पाण्याच्या टाकीवर एक निळा ड्रम ठेवलेला होता, त्याला तळाशी प्लास्टिकची तोटी, आणि त्या तोटीतून टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पाणी थेंब थेंब टाकीत पडायचं. म्हणजे पडणं अपेक्षित होतं. चुन्याचा गाळ दोन दिवसांत तोटी बुजवायचा, मग कोणीतरी तार घालायचा, मग धार लागायची. एक दिवस कँटीनच्या चहाला क्लोरीनचा भपकारा, दुसऱ्या दिवशी ओटीला, म्हणजे क्लोरीन तपासायच्या थेंबांना, पिवळा रंगच नाही. हे सगळं माझ्याच गळ्यात होतं.

लॅबमध्ये एक केमिस्ट होता, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तो एकदा तार घालताना माझ्याकडे बघत म्हणाला, "दादा, तुम्ही डोस मोजून टाकणारा पंप बनवा, पाण्याचं मी बघतो." आमचं पार्टनरशिप डीड म्हणाल तर एवढंच. स्टॅम्पपेपर नंतर झाला.

१९९८ च्या पाडव्याला अंबडला गाळा घेतला. गाळा म्हणजे दुसऱ्याच्या गाळ्यातला कोपरा, मध्ये पत्र्याचं पार्टिशन. माझा पीएफ एका लिलावातल्या लेथमध्ये गेला. बेड थोडा झिजलेला होता, पण पीव्हीसीचं हेड टर्न करायला काय लागतं? पहिल्या पंपाची कॉइल पंचवटीत पंखे दुरुस्त करणाऱ्याकडून गुंडाळून घेतली. डायफ्राम टेफ्लॉनचा. एवढ्या एका गोष्टीत आम्ही काटकसर केली नाही, आजही करत नाही. चूक केली ती व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमध्ये. मी हौसेने ३०४ स्टीलची स्प्रिंग घातली. पंपातून जायचं ते हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं क्लोरीनवालं द्रावण. महिनाभरात स्प्रिंग काळी पडून हातात तुकडे आले. पार्टनर हसून म्हणाला, "दादा, हायपो स्टीलला खातो, हे मला आधी विचारायचं ना." त्या दिवसापासून आमच्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग नाही. सिरॅमिकचा गोळा, स्वतःच्या वजनाने बसतो. पंप ओळंब्यात लावा, बास.

पहिलं गिऱ्हाईक सिन्नर तालुक्यातलं, दूध संकलन केंद्राचे मालक. मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला अजून साहेब म्हणतात. त्यांच्याकडे कॅन विहिरीच्या पाण्याने धुवायचे आणि उन्हाळ्यात डेअरीकडून दूध परत यायचं. पंप लावायला गेलो तर भाऊ म्हणाले, "साहेब, दुधाला वास लागला ना, तर पंप विहिरीत आन् पंपामागं तुम्ही." वास लागला नाही. विहिरीचं पाणी आधी टाकीत, टाकीत अर्धा तास क्लोरीनशी गाठ, आणि मगच कॅनला. आठ-दहा दिवसांनी दूध तपासायच्या एमबीआरटीच्या नळीत मिथिलीन ब्लूचा निळा रंग आधीपेक्षा बराच जास्त वेळ टिकायला लागला, म्हणजे दुधात जंतू कमी. भाऊंना मिथिलीन ब्लूशी देणंघेणं नव्हतं, दूध परत यायचं थांबलं एवढं त्यांना पुरे होतं. तो पंप, नंबर ४, अजून त्यांच्याकडे आहे. आधीचे तीन? ते विचारू नका.

इथे एक सांगून ठेवतो, कोणी विचारलं नसलं तरी. टीसीएलची पोती वर्षाची भरून ठेवू नका. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्के असतो. हजार लिटरला २ ग्रॅम क्लोरीन द्यायचा तर ती साधारण ६ ग्रॅम लागते. तीच पावडर दमट गोडाऊनमध्ये पडून २० टक्क्यांवर आली की १० ग्रॅम लागते, आणि गावच्या पाण्यात पावडर टाकणारा जलसुरक्षक बिचारा जुन्याच मापाने टाकत राहतो. हायपोचा कॅनही उन्हात ठेवू नका. आणि इंजेक्शन नोझलवरची खपली काढायला अ‍ॅसिड वापरलंत तर नोझल काढून, बाहेर, वेगळ्या बादलीत. आमच्या फिटर मामांनी एकदा घाईत अ‍ॅसिडचा मग हायपोच्याच कॅनमध्ये ओतला. हिरवट-पिवळा धूर उठला, सगळे गाळ्याबाहेर. मामांचा खोकला आठवडाभर गेला नाही. त्यानंतर गाळ्यात अ‍ॅसिडची बाटली कुलपात असते आणि किल्ली माझ्याकडे.

२००३ च्या सिंहस्थात थोडं काम मिळालं. २००८ मध्ये पार्टनर मुलांच्या शिक्षणासाठी पुण्याला गेला, त्याचा वाटा मी हप्त्याहप्त्याने फेडला. भांडण झालं नाही. लोकांना वाटतं झालं असणार. नाही झालं.

आता २०११. हे मी पूर्वीही लिहायला बसलो होतो, दोनदा फाडलं.

गंगापूर रोडच्या पुढे एका संस्थेचं वसतिगृह आहे. नाव लिहीत नाही. सहाशे मुलं, रोजचं साठ हजार लिटर पाणी, निम्मं बोअरचं, निम्मं टँकरचं. तिथे आमचा पंप चार वर्षं चालू होता. दिवसाला सव्वा लिटर हायपो, शेवटच्या मजल्याच्या शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम, उरलेला क्लोरीन. हा ०.२ चा आकडा माझा नाही, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्येच आहे. तक्रार एकच, कधीमधी वास येतो.

मग एक जण आला. त्यालाही नाव नाही. सूट, ब्रोशर, आणि काचेच्या खिडकीतून दिसणारा निळा दिवा, अतिनील (यूव्ही) किरणांनी पाण्यातले जंतू मारणारा. "केमिकल नाही, वास नाही, खर्च नाही." सोबत लॅबचा रिपोर्ट, कोलिफॉर्म, म्हणजे दूषित पाण्याची खूण देणारे जंतू, शून्य. तो रिपोर्ट कसा निघाला ते वॉचमनने मला नंतर सांगितलं. नमुना घ्यायच्या आदल्या रात्री टाकीत टीसीएल टाकली होती, आणि नमुना नेला बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत. या धंद्यातला कोणीही इथे कपाळावर हात मारेल. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक लागते आणि तिच्यात आधीच सोडियम थायोसल्फेट लागतं. नाहीतर पाण्यातला क्लोरीन लॅबला पोहोचेपर्यंत बाटलीतच जंतू मारत बसतो. काम पावडरीचं, रिपोर्ट दिव्याचा.

ऑर्डर त्याला गेली. जाऊ दे, धंदा आहे. पण आमचा पंप भिंतीवरून उतरवला नाही. पट्टीवर आमचा फोन नंबर तसाच.

ऑगस्टमध्ये मुलं आजारी पडली. उलट्या, जुलाब, एकेका खोलीत तिघं-चौघं. पालक आले, पत्रकार आले, आणि संस्थेने भिंतीवरच्या पंपाकडे बोट दाखवलं. पुढच्या दहा दिवसांत माझ्या तीन ऑर्डरी रद्द झाल्या. संस्थेकडे आधीच्या कामाचे ४ लाख ८० हजार अडकलेले होते, ते "चौकशी होईपर्यंत" थांबवले. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट तोंडापर्यंत भरलेली. लेथ आधीच तारण होता, आता बायकोच्या पाटल्या गेल्या. ती काही बोलली नाही. मामांचा पगार दोन महिने थांबला, मामाही काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी तिथे स्वतः गेलो. रेक्टर भेटेना, वॉचमनने आत सोडलं. पहाटे सहाला, मोटर चालू व्हायच्या आधी. पहिली गोष्ट दिसली ती अशी की आमच्या पंपाचा प्लग काढून त्याच सॉकेटमध्ये दिव्याचा पॅनेल लावला होता. म्हणजे ज्या दिवशी दिवा आला त्या दिवसापासून क्लोरीन बंद. दुसरी गोष्ट, दिवा बसवला होता मोटरच्या चढत्या लाइनवर, वरच्या टाकीच्या आधी. पाणी दिव्यातून शुद्ध होऊन जाणार कुठे, तर टाकीत. टाकीचं झाकण अर्धं उघडं, कडेला कबुतरांची वस्ती. दिव्याला पाण्यात मागे काही ठेवून जाता येत नाही. तो मारतो ते स्वतःपुढून जाणाऱ्याला. पुढच्या पाईपात, टाकीत, नळात काय शिरलं त्याच्याशी त्याचा संबंध संपलेला असतो.

चार नमुने घेतले: बोअर, दिव्यानंतरचा, टाकीचा, आणि तिसऱ्या मजल्याच्या टोकाचा नळ. दिव्यानंतरच्या नमुन्यासाठी मोटर पाच मिनिटं चालवली. स्पिरिटच्या बोळ्याने नळाचं तोंड जाळलं, दोन मिनिटं पाणी सोडलं, मग थायोसल्फेटवाली बाटली. बर्फाच्या डब्यात घालून नऊच्या आत लॅबला. शेवटच्या नळाला ओटीचे थेंब टाकले तर पाणी होतं तसंच, पिवळ्याची सावलीसुद्धा नाही. एमपीएनचे, म्हणजे १०० मिलि पाण्यातल्या कोलिफॉर्मच्या अंदाजाचे, आकडे आले तेव्हा मी ते तीनदा वाचले. दिव्यानंतर १७. शेवटच्या नळाला १६०० च्या वर, म्हणजे तक्ता तिथेच संपतो.

दिव्यानंतर तरी १७ का? वॉचमनने दुसऱ्या दिवशी लाइन बंद करून दिव्याची क्वार्ट्झची नळी मला काढून दाखवली. खारट बोअरच्या पाण्याने तिच्यावर खपली धरली होती, दुधाच्या भांड्याला बसते तशी. आत दिवा झकास निळा पेटलेला. लोकांना वाटतं निळं दिसतंय म्हणजे जंतू मरताहेत. जंतू मारणारे किरण २५४ नॅनोमीटरचे, ते डोळ्याला दिसतच नाहीत. दिसतो तो नुसता उजेड.

रिपोर्ट घेऊन संस्थेत गेलो. एका साहेबांनी तो वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. "बघतो" म्हणाले. त्या महिन्यात टाकी धुतली, झाकण बसवलं, आणि आमचा प्लग कोणीतरी गुपचूप पुन्हा सॉकेटमध्ये घातला. पेपरात खुलासा आला नाही. पैसे दीड वर्षाने आले, तेही अर्धे. बाकीचे "तडजोडीत" गेले. तडजोड कोणाची कोणाशी, हे मला अजून कळलेलं नाही. तो सूटवाला पुढे दोन वर्षं जिल्हाभर दिवे विकत होता.

भाऊ त्या दिवाळीत सिन्नरहून आले. पेपरात वाचलं होतं त्यांनी. चहा घेतला, गाळ्यात इकडेतिकडे बघितलं आणि पिशवी टेबलावर ठेवली. "चार पंपांचे पैसे हायेत. पंप सावकाश द्या." मी म्हटलं, भाऊ, तुम्हाला चार पंप कशाला? म्हणाले, "लागतील." आतल्या नोटांना दुधाचा वास होता. मामांचा पगार त्या पैशांतून झाला. पाटल्या सुटायला आणखी दोन वर्षं गेली.

त्यानंतर बरं चाललं.

माझं दिव्याशी वैर नाही, हे लिहून ठेवतो, कारण आमचे डीलर बोलतात. २०१६ पासून आम्हीही यूव्ही विकतो. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परोपजीवींना क्लोरीन फारसा जुमानत नाही, तिथे दिवा लागतोच. पण दिवा टाकीनंतर, पाणी गढूळ आणि जड नसेल तरच, नळी दर महिन्याला पुसायची, ट्यूब पेटत असली तरी साधारण वर्षाने बदलायची, आणि पुढे लांब पाईप असेल तर थोडा क्लोरीन हवाच. एवढं सगळं सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं, मग दिवा कशाला. म्हणून आमचे दिवे कमी खपतात.

सांडपाण्याचं काम २०१७ नंतर वाढलं. केंद्राने एसटीपीसाठी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटसाठी, फिकल कोलिफॉर्मची (विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची) मर्यादा १०० मिलिला १००० च्या आत आणली, आणि पाथर्डी फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंतच्या सोसायट्यांना अचानक जंतू आठवले. तिथली रड वेगळी. सेक्रेटरी फोन करतात, "साहेब, डोस दुप्पट केला तरी रिपोर्ट चांगला येत नाही." येणार कसा? सांडपाण्यात हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवता, वीज वाचवायला. मग अमोनिया तसाच राहतो, आणि क्लोरीन आधी अमोनियाच्या मागे लागतो, जंतूंच्या नंतर. एक भाग अमोनिया-नायट्रोजन संपवायला सात-आठ भाग क्लोरीन खर्ची पडतो. त्यात पाण्यात गाळ असेल तर जंतू त्याच्या आडोशाला बसतात. आधी एअरेशन, मग सेटलिंग, मग फिल्टर, आणि शेवटी क्लोरीन, तोही अर्धा तास भिंतींच्या वळणावळणाने फिरवून. नुसती चौकोनी टाकी बांधलीत तर पाणी या तोंडाने येऊन त्या तोंडाने पाच मिनिटांत निघून जातं. हे मी एका सोसायटीच्या सभेत फळ्यावर काढून दाखवलं. सभेत पुढचा विषय पार्किंगचा होता, सगळे त्याची वाट बघत होते.

येत्या सिंहस्थामुळे सध्या चौकशा फार आहेत. नदीत अंघोळीला १०० मिलिला फिकल कोलिफॉर्म ५०० पर्यंत बरं, २५०० ही कमाल, हे आता रामकुंडावर चहा विकणाऱ्यालाही पाठ झालंय. मला कोणी विचारलं तर सांगतो, नदीत क्लोरीन ओतून हे होत नाही, नाल्याच्या तोंडाशी होतं. सहसा पुढे कोणी विचारत नाही.

मामा दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, तरी दर शनिवारी येऊन नव्या पोरांचे ओ-रिंग तपासतात. ओटी आम्ही सोडली, आता क्लोरीन डीपीडीने तपासतो, रंग गुलाबी येतो. ती पांढरी पडलेली क्वार्ट्झची नळी वॉचमनने नंतर मला देऊन टाकली, ती माझ्या टेबलावर पेनांच्या शेजारी आडवी पडलेली असते. नवीन सेल्सच्या मुलाला पहिल्या दिवशी ती हातात देतो आणि हे काय आहे ते विचारतो. बहुतेक जण ट्यूबलाइट म्हणतात.

मागच्या महिन्यात त्याच वसतिगृहाचा मेल आला. मुलं आता नऊशे, टाकी नवी, डोसिंग आणि यूव्ही दोन्ही हवं, कृपया कोटेशन पाठवावे. खाली सही नव्या माणसाची, त्याला बहुधा काहीच माहीत नाही. मी स्वतः जाऊन साइट बघून आलो. वॉचमन तोच आहे, केस पांढरे झालेत, चहा त्यानेच दिला. कोटेशन पाठवलंय. मशिनचे दर नेहमीचेच, एक रुपया जास्त लावला नाही. अटींमध्ये पहिली ओळ मात्र मी स्वतः टाइप केली : शंभर टक्के रक्कम आगाऊ. दुसरी ओळ : पंपाला स्वतंत्र सॉकेट.

उत्तर अजून आलेलं नाही.