व्हाइसरॉयची मुलगी आणि शिवणकाम करणारी जेन

लॉर्ड लिटन म्हटलं की आपल्याला शाळेतला इतिहास आठवतो. इकडे दख्खनमध्ये लोक दुष्काळाने मरतायत आणि तिकडे १८७७ चा दिल्ली दरबार थाटात चाललाय, मग पुढच्याच वर्षी देशी भाषांतल्या पेपरांची मुस्कटदाबी करणारा कायदा. पण त्याच माणसाची मुलगी इंग्लंडमध्ये बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी जेलमध्ये गेली होती हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही.

तिचं नाव कॉन्स्टन्स. लग्न केलं नाही, तब्येत पहिल्यापासून नाजूक, हार्ट कमजोर, चाळिशीच्या आसपास चळवळीत आली. तेव्हा जेलमध्ये गेलेल्या सफ्रजेट्स, म्हणजे या हक्कासाठी लढणाऱ्या बायका, आम्हाला राजकीय कैदी माना म्हणून उपोषण करायच्या आणि १९०९ च्या सप्टेंबरपासून सरकारने त्यांना जबरदस्तीने भरवायला सुरुवात केली. म्हणजे चार-पाच जणींनी हातपाय धरायचे, दातांमध्ये लोखंडी पाचर घालून तोंड उघडं ठेवायचं आणि नळी घशातून थेट पोटात. वाचतानासुद्धा घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं.

ऑक्टोबर १९०९ मध्ये न्यूकॅसलला तिने एका मोटारीवर कागदात गुंडाळलेला दगड मारला, आत गेली, उपोषण केलं. डॉक्टरांनी छाती तपासली, हार्ट खराब आहे म्हणाले आणि दोन दिवसांत सोडून दिलं, तिच्याबरोबरच्या साध्या घरातल्या मुलींना मात्र नळ्या घातल्या! आता कोणी दुसरी असती तर सुटले बाबा म्हणून घरी बसली असती, पण हिला ते इतकं लागलं की तिने केस कापले, बेंगरूळ कपडे आणि चष्मा घेतला आणि जानेवारी १९१० मध्ये लिव्हरपूलला जेन वॉर्टन नावाची शिवणकाम करणारी बाई बनून मुद्दाम अटक करवून घेतली.

आणि झालं अगदी तिला वाटलं होतं तसंच. वॉल्टन जेलमध्ये हार्ट न तपासताच भरवायला सुरुवात. पहिल्याच वेळी तिला उलटी झाली, ती डॉक्टरच्या अंगावर उडाली, आणि जाताजाता त्याने तिच्या गालावर चापट मारली. असं आठ वेळा. मग ही कोण आहे हे कळलं आणि लगेच सुटका. तेच शरीर, तेच हार्ट, फक्त नाव बदललं होतं. सुटल्यावर तिने सगळं लिहून, सभांमध्ये बोलून सरकारची चांगलीच गोची केली.

डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत राजाच्या घोड्यासमोर गेलेली सफ्रजेट एमिली डेव्हिसन सगळ्यांना माहीत असते, आणि असायलाच हवी, पण मला कॉन्स्टन्स जास्त छळते. १९१२ मध्ये तिला स्ट्रोक आला, उजवा हात गेला, तर डाव्या हाताने तिने जेलवरचं पुस्तक लिहून काढलं.

१९१८ मध्ये मत मिळालं पण कोणाला, तर तिशी ओलांडलेल्या आणि शिवाय मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या बायकांना, पुरुषांना मात्र एकविसाव्या वर्षी. म्हणजे जेन वॉर्टन खरंच कोणी असती, भाड्याच्या खोलीत राहणारी, एकटी, तर तिचं नाव मतदार यादीत बहुतेक आलंच नसतं. त्या बायकांना १९२८ पर्यंत थांबावं लागलं. कॉन्स्टन्स १९२३ मध्येच गेली.