म्युनिकला निघालेली नाणी

जुन्या नाण्यांच्या संग्रहांची यादी करून किंमत ठरवून देणं हे माझं काम. 2025 च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या एका घरून बोलावणं आलं. काका वारले होते आणि त्यांचा संग्रह मुलगा-मुलीत वाटायचा होता. मुलगी म्युनिकला असते. काकू दोन दिवसांनी तिच्याकडे निघाल्या होत्या आणि तिच्या वाट्याची नाणी त्यांनी बॅगेत भरूनही ठेवली होती. चांदीचे रुपये दहा-दहाच्या चळती करून वर्तमानपत्रात गुंडाळलेले, गिन्या पायमोज्यात.

"अहो, ह्यांनी आपल्या पगारातून घेतलीत ही. पावत्याही आहेत," असं म्हणत काकूंनी पावत्यांची फाईल माझ्यापुढे ठेवली.

पावत्या खऱ्या होत्या. पण नाणी देशाबाहेर नेताना मालकीचा प्रश्न दुसरा येतो, पहिला वयाचा. पुरावशेष तथा बहुमूल्य कलाकृती अधिनियम 1972 प्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं कुठलंही नाणं हा पुरावशेष ठरतो आणि तो फक्त केंद्र सरकार किंवा सरकारने नेमलेली संस्था निर्यात करू शकते. खासगी माणसाला परवाना मिळत नाही, कारण तशी सोयच कायद्यात नाही. नाणं दहा रुपयांचं की दहा लाखांचं, विकायला चाललंय की लेकीला द्यायला, याने काही फरक पडत नाही. नाणं भारतीयच असलं पाहिजे असंही व्याख्येत म्हटलेलं नाही. 1900 सालचा जर्मन मार्क इथल्या कपाटात असेल तर तोही त्यात आला.

घरात ठेवायला मात्र आडकाठी नाही. मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र पोथ्या यांना नोंदणीची सक्ती आहे, नाण्यांना नाही. (जमिनीत सापडलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी, तिथे 1878 चा निखात निधी कायदा लागतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.) त्यामुळे वाटणी झाली यात गैर काही नव्हतं. गैर होतं ते बॅगेत भरणं, आणि बॅग काकूंच्या नावावर असल्याने जबाबदारीही त्यांच्यावरच आली असती.

सगळं जेवणाच्या टेबलावर ओतलं आणि वर्षाप्रमाणे लावायला घेतलं. रुपयांचं काम सोपं असतं. व्हिक्टोरिया आणि एडवर्ड डोळे मिटून बाजूला. पंचम जॉर्जचे चलनी रुपये 1911 ते 1922 चे, तेही सगळे शंभरी ओलांडलेले. सहाव्या जॉर्जचे रुपये 1938 पासूनचे, म्हणजे अलीकडचे. रुपयांत मधली दरी मोठी असल्याने राजाचा चेहरा ओळखला तरी भागतं. खुर्द्यात तसं चालत नाही. पंचम जॉर्जचा पाव आणा आणि पै 1936 पर्यंत पडत होती, त्यामुळे तिथे एकेका नाण्याचं साल भिंगाखाली वाचावंच लागतं. भोकाचा पैसा 1943 ते 47 चा, त्याची चिंता नाही. शिवराईवर सालच नसतं, पण ती पाडणाऱ्या टांकसाळी 19व्या शतकातच बंद झाल्या, तेव्हा एकही शिवराई देशाबाहेर नेता येत नाही.

संस्थानी नाण्यांपाशी मात्र घाई करू नये. कोरी हे कच्छ संस्थानचं चलन. कच्छच्या पाच कोरीच्या नाण्यावर नागरीत 1992 असं साल होतं. ते विक्रम संवत. 57 किंवा 56 वजा केले की 1935-36 येतं. म्हणजे ती शंभरच्या आतली. याच हिशेबात 1980 संवताची कोरी 1923-24 ची आणि म्हणून पुरावशेष.

खरी अडचण हैदराबादच्या दोन रुपयांची होती. दोन्हींवर चारमिनार, दोन्ही शेवटच्या निजामाचे, आणि काकांनी दोन्ही एकाच पाकिटात "निजाम" असं लिहून ठेवलेले. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक फारसी अक्षर असतं. 'मीम' असेल तर ते मीर महबूब अली खानाचं. तो 1911 मध्ये वारला, तेव्हा पुढे काही बघायला नको. इथे दोन्हींत 'ऐन' होता, म्हणजे उस्मान अली खान, आणि त्याची कारकीर्द शंभर वर्षांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. मग फारसी आकड्यांतलं हिजरी साल वाचायचं. एकावर 1361, जे जानेवारी 1942 मध्ये सुरू झालं. दुसऱ्यावर 1343. हे साल ऑगस्ट 1924 ते जुलै 1925 असं होतं. हेच नाणं 2023 साली कुणी वय ठरवायला पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञ समितीपुढे नेलं असतं तर शंभराच्या आतलं ठरलं असतं. जुलै 2025 उलटल्यावर त्यात शंकेला जागा उरली नाही. ही रेषा दरवर्षी पुढे सरकते. म्हणून जुनी यादी किंवा जुना दाखला हाती असला तरी प्रवासाच्या तारखेला नव्याने हिशेब करायचा.

गिन्या 1918 च्या निघाल्या. सालाच्या वर, घोड्याखालच्या जमिनीवर बारीक 'आय' होता, म्हणजे मुंबईत पडलेल्या; मुंबईत गिन्या त्या एकाच वर्षी पडल्या. त्याही राहिल्या. त्या शंभराच्या आतल्या असत्या तरी युरोपात उतरताना त्यांचा हिशेब द्यावा लागला असता. 3 जून 2021 पासून युरोपीय संघ 90 टक्के किंवा जास्त सोनं असलेली नाणी रोख रकमेत धरतो आणि 10,000 युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर ती जाहीर करावी लागते. गिनी 7.98 ग्रॅमची, 22 कॅरेटची, म्हणजे 91.67 टक्के; ती मोजली जाते. शिवाय 28 डिसेंबर 2020 पासून मूळ देशातून बेकायदा बाहेर काढलेली सांस्कृतिक वस्तू युरोपीय संघात आणायलाच बंदी आहे. मुंबईला निसटलं तरी म्युनिकला अडकू शकतं.

काकूंच्या मुलाने विचारलं, "एवढीशी नाणी, कोण बघतंय?" विमानतळावर बघतात. चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, दहांची चळत क्ष-किरण यंत्रात गडद नळकांड्यासारखी दिसते आणि बॅग उघडली जातेच. तिथल्या कस्टम्स अधिकाऱ्याला नाण्याचं वय ठरवता येईलच असं नाही. तो पंचनामा करून माल ताब्यात घेतो आणि तज्ज्ञांचं मत मागवतो. विमान तोवर गेलेलं असतं. पुढे कारणे दाखवा नोटीस येते. इतर बऱ्याच मालाला दंड भरून सोडवून घ्यायची वाट असते, पुरावशेषांना ती नाही. केंद्र सरकारने अर्जावर वेगळा आदेश दिला तरच. खटला चालून दोष सिद्ध झाला तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. सत्तरीतल्या बाईंना हे ऐकवताना मला बरं वाटलं नाही, पण अर्धवट सांगितलं असतं तर त्यांनी चळत कमी करून नेली असती.

मग शंभराच्या आतली तरी नेता येतील का? येतील, पण दोन दिवसांत नाही. ती पुरावशेष नाहीत असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञ समितीकडून घ्यावा. त्यासाठी यादी, दोन्ही बाजूंचे फोटो, ओळखपत्र आणि प्रत्यक्ष नाणी लागतात. सहाव्या जॉर्जच्या रुपयावर इसवी साल असतं म्हणून कुणी दाखल्याशिवाय नेतो. मी तसं सुचवत नाही, कारण विमानतळावर वाद घालायला वेळ आणि तज्ज्ञ दोन्ही नसतात. बाजारात मिळणाऱ्या नकली होनांनाही दाखला घ्यावा, ते दिसायला जुनेच दिसतात.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांना परकीय चलनाचे नियम लागतात. रोजच्या वापरातली नाणी कायद्याने चलनी नोटांतच मोजतात, त्यामुळे ती माणशी 25,000 रुपयांच्या मर्यादेत येतात; नेपाळ आणि भूतानचे नियम वेगळे. स्मारक नाण्यांना मात्र संख्येची मर्यादा आहे: भारतात राहणाऱ्या व्यक्तीला दोनच नेता येतात. काकांकडे मोठ्या डबीतला प्रूफ सेट, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या चकचकीत स्मारक नाण्यांचा संच होता, तो अख्खा नेता येत नव्हता. काकूंनी त्यातलं काही न घेता गांधी शताब्दीचे 1969 चे दहा रुपये निवडले, दोन नग, प्रत्येकी 15 ग्रॅम, 80 टक्के चांदी. सराफाकडची लक्ष्मीची सोन्याची नाणी चलनही नाहीत आणि पुरावशेषही नाहीत. पण ती परत आणायची असतील तर जातानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायला मी सांगितलं, नाहीतर येताना त्यांच्यावर शुल्क मागितलं जाऊ शकतं.

संध्याकाळी वाटणीच बदलली. शंभरीपुढची सगळी नाणी मुलाकडे, आणि मुलीला त्यांच्या किमतीइतके पैसे. तिचा हिस्सा तिच्या एनआरओ खात्यात (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं) भरला की वारशाची रक्कम म्हणून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येते. बँकेला वारसाचे कागद आणि करविषयक फॉर्म (2025 साली 15 सीए आणि 15 सीबी) द्यावे लागतात. काही नाणी विकायची ठरली तर पुरावशेष विक्रीचा परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडेच.

दाखल्यासाठीची यादी मी तिथेच करून दिली. हैदराबादचा 1361 चा रुपया वेगळ्या ओळीत लिहिला: हिजरी साल, त्यापुढे इसवी साल, वजन, कमानीतलं अक्षर, आणि सालाच्या आकड्यांचा जवळून काढलेला फोटो. नुसतं "निजाम, चांदी, एक नग" असं लिहून अर्ज दिला असता तर 1343 आणि 1361 मधला फरक कागदावर दिसलाच नसता.