म्हैसमाळची रानफुले: डबा उशिरा उघडा, आधी फुले बघा

छत्रपती संभाजीनगरहून म्हैसमाळ साधारण ४० किलोमीटर, खुलताबादपासून १२. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली ही फेरी, पठाराच्या कडेकडेने जेमतेम ३ किलोमीटर. पण फुले बघत चालायचे तर तीन तास लागतातच.

सकाळी सातला वर पोहोचा. केना दुपारच्या आत मिटतो. विष्णुक्रांतेची टिकलीएवढी निळी फुले ऊन पडल्यावर उघडतात आणि तीही दुपारनंतर दिसत नाहीत. बाराला डबे घेऊन येणारे नुसते गवत बघतात नि ‘यंदा काहीच नाही’ म्हणत परततात.

कातळावरच्या वीतभर मुरुमात नभाळी आणि कवला. कवल्याच्या पिवळ्या फुलावर दोन तांबडे ठिपके असतात, त्यावरून तो चटकन ओळखता येतो. उताराच्या ओलसर सावलीत तेरडा, उघड्या माळावर सोनकी आणि कुर्डू. पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की मुरुमावरची फुले आधी करपतात, कारण खाली ओल धरायला मातीच नसते. अशा वेळी ओढ्याकाठी शोधा. घाणेरी नि गाजरगवत बाहेरून आलेले; ते यादीत धरू नका.

झुडपांवर चढलेल्या कळलावीपाशी मात्र थांबाच. फूल मान खाली घालते, पाकळ्या उलट वर वळतात. आधी हिरवट-पिवळ्या, पुढे तांबड्या. एकाच वेलावर दोन रंग म्हणजे दोन जाती नव्हेत, फुलांच्या वयातला फरक. पानाचे टोक गुंडाळून वेल आधार धरतो. सगळी वनस्पती विषारी, कंद सर्वांत जास्त. मुलांना हात लावू देऊ नका.

मोबाइलचा कॅमेरा बारीक फूल सोडून मागचे गवत पकडतो. फुलामागे तळहात धरा, फोकस बसतो. नुसत्या फुलाच्या फोटोवरून ओळख अडते. पान, देठ आणि पूर्ण झाड यांचाही एकेक घ्या. वारा सतत असतो, झुळुकीच्या मध्ये बटण दाबा.

पायात पकड असलेले बूट हवेत. काळ्या कातळावरचे शेवाळ कोरडे भासते आणि तिथेच पाय जातो. सुती मोज्यांत कुसळे रुततात, म्हणून पँट घोट्यापर्यंत असावी.

खर्चुडी दिसली तर नशीब. हिच्या फुलाच्या कंदिलासारख्या नळीत खाली वळलेले केस असतात. आत शिरलेले चिलट ते केस सुकेपर्यंत अडकून पडते. हिचे कंद खणून खाल्ले जातात, त्यामुळे फोटो खुशाल टाका, पण जागेचा पत्ता नको. मोबाइलचे लोकेशन आधीच बंद करा.